डोशियाचा बँजो आणि बावीस घरांची तार

आमच्या पेंटर क्रीकचं, म्हणजे ओढ्याकाठच्या आमच्या गावाचं, टेलिफोन एक्स्चेंज माझ्या नणंदेच्या, डोशिया फिप्सच्या, पुढच्या खोलीत होतं. एक्स्चेंज म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. खिडकीशेजारी भिंतीला टेकवलेलं एक लाकडी कपाट, त्यालाच बोर्ड म्हणायचं, त्याला ओळीने भोकं, भोकांत खुपसायच्या दोऱ्या आणि समोर एक स्टूल, एवढंच. व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात तार आणायला कुणी तयार नव्हतं, म्हणून गावच्या पुरुषांनीच चेस्टनटचे खांब रोवले. जिथे खांब पुरले नाहीत तिथे तार सरळ कुंपणावरून नेली. तीन तारा, एकेकीवर सात-आठ घरं, अशी बावीस घरं जोडली गेली. कुणाच्या गाईने कुंपणाला अंग घासलं की सात घरांच्या कानात खरखर व्हायची.

एका तारेवर एकाचा टेलिफोन वाजला की सगळ्यांचा वाजायचा. पाद्रीबाबांना दोन लांब, एक आखूड. लोंझोच्या दुकानाला तीन आखूड. आपली घंटा नसली तर रिसीव्हर उचलायचा नाही, असा नियम होता. तो कुणी पाळत नव्हतं.

डोशिया उंच, हाडापेराने मोठी, बोलायला चटपटीत. सगळ्या गावाचं बोलणं तिच्या कानावरून जायचं, पण कानात गेलेलं तोंडातून कधी बाहेर आलं नाही. माझ्याच बहिणीचं लग्न ठरल्याचं मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. डोशियाला ते सहा आठवडे आधी ठाऊक होतं. मी जाब विचारला तर म्हणाली, “तू मला विचारलं कुठे होतंस?”

तिचा नवरा हार्मन चौदाव्या वर्षापासून लाकडाच्या वखारीत, करवतीपाशी. त्या करवतीने त्याचे कान खाल्ले. लग्नात त्याला बऱ्यापैकी ऐकू यायचं. दहा वर्षांत कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय काही कळेना. माणूस हसरा होता, तक्रार नव्हती. डोशिया म्हणायची, याच्याशी भांडायची सोय नाही, कारण त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात भांडलं तर बावीस घरांना ऐकू जातं.

डोशिया बँजो वाजवायची. तो बँजो तिच्या वडिलांनी बनवलेला, आणि त्यावरचं कातडं घरच्या म्हाताऱ्या बोक्याचं, बोका आपल्या मौतीने गेल्यावर काढलेलं. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा आर्व्हेल, फिडल वाजवायचा. शहरातले लोक त्याच वाद्याला व्हायोलिन म्हणतात आणि जपून धरतात. बहीणभाऊ वाजवायला बसले की हार्मन खुर्ची ओढून बायकोसमोर बसायचा आणि तिची बोटं बघत राहायचा. तेवढंच त्याचं गाणं.

एकोणीसशे चोवीस सालच्या हिवाळ्यात वरच्या कड्यावरची पॉलीआजी बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. मुलाने टेलिफोन तिच्या उशाशी आणून ठेवला. एका शनिवारी संध्याकाळी तिने डोशियाला बोलावलं. रस्ते बंद आहेत, माणूस फिरकत नाही, भिंती बघून जीव विटला, तुझ्या बापाचं काहीतरी वाजव, म्हणाली. डोशियाच्या गळ्यात बोलायचं शिंग, म्हणजे आवाज तारेत सोडणारं भोंगं, अडकवलेलंच असायचं. तिने बँजो मांडीवर घेतला आणि वाजवायला लागली.

अर्ध्या गाण्यात तारेवर टक्‌ झालं. मग आणखी एक टक्‌. मग टकटक सुरूच झाली. लोक आपापले रिसीव्हर उचलत होते. पण त्या तारेची एक खोड होती. जितके जास्त रिसीव्हर वर, तितका आवाज बारीक. पॉलीआजी म्हणाली, “डोशिया, तू नदीपलीकडे गेलीस का?”

डोशियाने हात थांबवला आणि तारेवर कोण कोण आहे असं विचारलं. कुणी बोलेना. “लोंझो,” ती म्हणाली, “तुझं कुत्रं धापा टाकतंय ते मला ऐकू येतंय. खाली ठेव तो रिसीव्हर.”

तिथून पुढे दर शनिवारी संध्याकाळी हा कार्यक्रम ठरूनच गेला, आणि नियमही ठरला. एका गाण्याला तीनच घरांनी रिसीव्हर उचलायचा, आळीपाळीने. पॉलीआजी मात्र कायम. कुणी पाळी मोडली तर डोशिया त्याचं नाव घेऊन हाक मारायची, कारण कुणाचा श्वास कसा, कुणाच्या चुलीवर किटली कशी वाजते, तिला सगळं माहीत होतं.

एक रिसीव्हर मात्र पाळी नसतानाही उचलला जायचा आणि तिने त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्यातून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक यायची, आणि ते घड्याळ दर चौथ्या ठोक्याला अडखळायचं. असं घड्याळ गावात एकच होतं, पाद्री एल्कानाबाबांच्या घरी. बँजो हे सैतानाचं वाद्य आहे, असं ते दर रविवारी व्यासपीठावरून सांगायचे. डोशिया पुढच्या बाकावर बसून मान डोलवायची.

सत्तावीस सालच्या ऑगस्टात लोंझोने दुकानातून एक वर्तमानपत्र आणलं. न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस व्हिटमोर शहरात मुक्कामाला आला होता. डोंगरातली जुनी गाणी ज्यांना येतात त्यांनी आपलं वाद्य घेऊन यावं, असं छापलं होतं. आर्व्हेलने त्याच दिवशी फिडलला नवी तार चढवली. डोशिया म्हणाली, मी गेल्यावर बोर्डावर कोण बसणार? कुणाला डॉक्टर लागला तर?

सोमवारी पहाटे आम्ही निघायच्या तयारीत असताना दारात पाद्रीबाबा उभे. एका काखेत बायबल, दुसऱ्या हातात डबा.

“टेलिफोन मी सांभाळतो,” ते म्हणाले. “आजाऱ्याची सोय बघणं हे माझंच काम आहे.”

डोशियाने त्यांना कुठली दोरी कुठे घालायची ते दाखवलं. ते स्टुलावर बसले, खिडकीबाहेर बघत राहिले, आणि तोंड न वळवता म्हणाले, “ते मायराचं गाणं म्हण तिथे. नदीचं कडवं गाळू नकोस.”

डोशियाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “म्हणते,” ती म्हणाली. “आणि तुम्ही त्या घड्याळाला जरा तेल घाला, पाद्रीबाबा. अडखळतंय.”

त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. पुढच्या रविवारपासून बँजोचा उल्लेख प्रवचनात झाला नाही.

लोंझोच्या फोर्ड गाडीतून आम्ही तीन ओढे ओलांडून आणि दोनदा चाक बदलून दुपारी व्हिटमोरला पोचलो. बियाणांच्या दुकानाच्या माडीवर रेकॉर्डवाल्या साहेबाने खोली घेतली होती. ऑगस्टचा उकाडा, आणि भिंतींवर चहूबाजूंनी गोधड्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. मधोमध खांबावर एक मायक्रोफोन. पडद्यामागे मेणाची जाड तबकडी फिरायची. आवाज त्या मेणात कोरला जायचा, आणि चुकलं की ते मेण वाया.

पहिलं मेण डोशियाच्या बुटांनी घालवलं. ती वाजवताना पायाने ताल धरते, आणि साहेबाच्या कानाला गाण्याऐवजी कुणीतरी दार ठोठावतंय असं ऐकू आलं. तिला बूट काढायला लावले. टाचेने ठोकायला लागली तेव्हा खाली उशी दिली.

मग खरी अडचण आली. मायराच्या गाण्याला एकोणीस कडवी. मायराचा प्रियकर रेल्वेचा बोगदा खणायला तीन डोंगर पलीकडे जातो आणि परत येत नाही. मायरा त्याला शोधायला निघते, नदी ओलांडते, त्याला गाठते आणि लग्न करते. आमच्याकडे हे गाणं म्हणायला दहा मिनिटं लागायची, मधे कुणी पाणी मागितलं तर बारा. साहेब म्हणाला, तबकडीवर तीन मिनिटं मावतात. सहा कडवी ठेवा, बाकीची सोडा.

डोशियाने बोटांवर मोजून पाहिलं आणि मान हलवली. साहेब गोड बोलणारा माणूस. त्याने स्वतःच कागद घेऊन कडव्यांवर रेघा मारायला सुरुवात केली.

“हे नदीचं कशाला खोडता?” डोशियाने विचारलं.

“त्यात काही घडत नाही, बाई. ती नुसती नदी ओलांडते.”

“ती अलीकडे, तो पलीकडे. नदी खोडलीत तर मी त्यांचं लग्न कसं लावू?”

आर्व्हेल पोट धरून हसायला लागला. साहेबाने घाम पुसला. शेवटी डोशियानेच तोड काढली. नऊ कडवी ठेवली, नदी ठेवली, आणि सगळं दुप्पट वेगाने वाजवलं. लाल दिवा लागला आणि ती जी सुटली ती दिवा विझायच्या आत लग्न लावूनच थांबली. आर्व्हेलच्या फिडलच्या गजाचे केस तुटून लोंबत होते. साहेबाने दोन्ही हात वर केले आणि झालं म्हणाला.

दुसऱ्या बाजूला नुसतं वाजवणं होतं, ते पहिल्या झटक्यात झालं. कागदावर सह्या करताना साहेबाने विचारलं, गाणं कुणी रचलं? डोशियाने सांगितलं, आजीकडून आलं, आजीला तिच्या आजीने दिलं, रचणारी कोण ते कुणाला ठाऊक नाही. साहेबाने त्या जागी डोशियाचं नाव लिहिलं. तिने त्याला ते खोडायला लावलं. “मी फक्त पुढे जोडून दिलंय,” ती म्हणाली. “घरी एक्स्चेंजवर मी तेच करते.”

पानगळीत रेकॉर्ड आली. लोंझोच्या दुकानात ग्रामोफोन होता, तिथे गाव जमलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. गाणं वाजून संपलं. मग कुणीतरी हळूच विचारलं, “डोशिया, कुत्रं मागे लागलं होतं का?”

लोंझोने टेलिफोनचा रिसीव्हर ग्रामोफोनच्या भोंग्यापाशी धरून पॉलीआजीला ऐकवलं. पॉलीआजी म्हणाली, “मायरा नवरा शोधायला चाललीय की आगगाडी पकडायला?”

डोशियाला याचं काही वाटलं नाही. रेकॉर्डच्या पैशांतून तिने एक रेडिओ मागवला, बॅटऱ्यांवर चालणारा. आमच्या क्रीकमधला तो पहिला. हार्मनने चेस्टनटच्या शेंड्याला चढून तार बांधली. रेडिओला भोंगा नव्हता, एकच हेडफोनची जोडी होती. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने ती डोक्यावर चढवून दूरदूरच्या शहरांतले बँड ऐकले. हार्मनला दिली तर त्याने हाताने बाजूला केली. माझ्या डोक्यावर वाया जाईल, म्हणाला, आणि बॅटऱ्यांच्या तारा पुसत बसला. कुणी आग्रह केला नाही. आपण आग्रह करायला हवा होता, असं मला नंतर वाटलं.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी मी डोशियाकडे वाळवलेली सफरचंदं निवडत बसले होते. बाहेरगावची घंटा वाजली. डोशियाने दोरी घातली. पलीकडचा माणूस म्हणाला, व्हिटमोरच्या रेडिओ केंद्रावरून बोलतोय, मिसेस डोशिया फिप्सना जोडून द्या.

“एक मिनिट हं, जोडते,” डोशिया म्हणाली. तिने दोरी काढली. ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला, केसांवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि दोरी पुन्हा त्याच भोकात घातली. “हॅलो. मिसेस फिप्स बोलतेय.”

तिची रेकॉर्ड त्यांनी ऐकली होती. शनिवारी संध्याकाळी सात वाजता केंद्रावर येऊन पाव तास वाजवाल का, असं तो विचारत होता. तारेवर टकटक सुरू झाल्याचं मलासुद्धा ऐकू आलं.

“शनिवारी नाही जमायचं,” डोशिया म्हणाली. “शनिवारी मी एका आजारी बाईसाठी वाजवते.”

पलीकडचा माणूस काही बोलायच्या आत पॉलीआजीचा आवाज आला. “आजारी बाई म्हणतेय, जा.”

“माझी गाडी आहे,” लोंझो म्हणाला.

मग एक खोकला आणि अडखळणारी टिकटिक. तेल अजून घातलं नव्हतं.

“मिसेस फिप्स,” तो माणूस म्हणाला, “तुमच्या घरी किती माणसं आहेत?”

“आज थोडीच आहेत,” डोशिया म्हणाली.

शनिवारी लोंझोच्या गाडीने डोशिया आणि आर्व्हेल गेले. बोर्डावर मी बसले, कारण पाद्रीबाबांनी मागच्या वेळी डॉक्टर मागणाऱ्याला दुकान आणि दुकान मागणाऱ्याला डॉक्टर जोडून दिला होता. तेव्हा केंद्रावर काय झालं ते आर्व्हेलने सांगितलं तसं सांगते.

केंद्राचे व्यवस्थापक होते हॅम्लिन म्हणून. त्यांनी या दोघांना एका खोलीत नेलं आणि खुंटीवरचे कपडे दाखवले. ठिगळं लावलेला घागरा, फाटकी विजार, गवती टोपी, दारूचा रिकामा बुधला. हे घाला, बूट काढा, म्हणाले. डोशियाने आपला निळा, चर्चला जायचा पोशाख घातला होता, आदल्या दिवशी इस्त्री करून.

“रेडिओवर कपडे ऐकू येतात का?” तिने विचारलं.

काचेपलीकडे शहरातले लोक बघायला बसतात, त्यांना डोंगरातली माणसं डोंगरातल्यासारखी दिसायला हवीत, असं हॅम्लिनसाहेब म्हणाले.

“आम्ही डोंगरातलेच आहोत आणि असेच दिसतो,” डोशिया म्हणाली. “तुम्ही आमच्याकडे आलात तर आम्ही तुम्हाला चांगल्या खुर्चीत बसवू, मक्याची भाकर आणि ताक देऊ. बुधला हातात देऊन बाहेर उभं नाही करणार.”

आर्व्हेल म्हणतो, ती हे रागाने बोलली नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसं बोलली. सातला चार मिनिटं होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कपडे परत खुंटीला लावले.

आत गेल्यावर मात्र तिची पंचाईत झाली. निवेदकाने नाव सांगितलं, बोट केलं, आणि डोशिया मायक्रोफोनसमोर नुसती उभी. चार वर्षं ती तारेत वाजवत होती, पण त्या तारेत माणसं असायची. कुणाचा श्वास, कुणाची किटली, कुणाचं कुत्रं. या खांबातून काहीच परत येत नव्हतं. आर्व्हेल म्हणतो, तेवढ्या वेळात एक गाय दुहून झाली असती. निवेदक घामाघूम. मग डोशिया वाकली आणि त्या मायक्रोफोनला म्हणाली, “कुणी आहे का? सगळ्यांनी एकदम उचलू नका हं, पॉलीआजीला ऐकू यायचं नाही.”

आणि बँजो सुरू झाला.

इकडे घरी मी हेडफोन डोक्यावर घालून बसले होते. माझा बेत असा होता की तिचं नाव आलं की हेडफोन बोलायच्या शिंगाला लावायचे, म्हणजे बारीक का होईना, बावीसही घरांना ऐकू जाईल. हार्मन शेजारी. समोर डोशिया नव्हती, बोटं नव्हती, म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तिचा आवाज आला तेव्हा माझा चेहरा बदलला असणार. त्याने हात पुढे केला. मला वाटलं, क्षणभर देऊ. मी हेडफोन त्याच्या डोक्यावर बसवले, दोन्ही बाजूंनी दाबले आणि रेडिओची कळ होती तेवढी पिळली.

तो आधी दचकला. मग त्याने दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरले आणि डोळे मिटले. मी त्या माणसाला गाण्याच्या वेळी डोळे मिटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

बोर्डावर तिन्ही तारांच्या झाकण्या पडल्या, म्हणजे लोक बोलवत होते, आणि पाठोपाठ रिसीव्हरांची टकटक. एक, चार, नऊ. पाद्रीबाबा मला म्हणाले, “ओरा, सात वाजून गेले. सुरू झालं की नाही?” कुणी म्हणालं, तार तुटली का बघा. कुणी म्हणालं, बँजो सोडून कुरकुर ऐकवतेय ही पोर.

“हार्मन ऐकतोय,” मी म्हटलं.

“कोण?”

“हार्मन. त्याला ऐकू येतंय. हेडफोन त्याच्या कानाला आहेत. काढून घेऊ का?”

तारेवर ते घड्याळ एकदा अडखळलं. मग पॉलीआजी म्हणाली, “हात लावशील तर बघ. आम्ही चार वर्षं ऐकतोय.”

कुणीही रिसीव्हर खाली ठेवला नाही. आख्खं एक गाणं बावीस घरं कानाला रिसीव्हर लावून काहीच न ऐकता बसून राहिली.

दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा हार्मनने डोळे उघडले. माझे हात मांडीवर, शिंग समोर, बोर्डावर तिन्ही झाकण्या पडलेल्या. त्याला कळलं. त्याने हेडफोनची एक वाटी उलटी फिरवली आणि डोकं शिंगाच्या अगदी जवळ आणून बसला, एक कान आपला आणि एक गावाचा. तसा मान वाकडी करून तो शेवटपर्यंत बसला. गाणं संपल्यावर, बहिऱ्या माणसांचं बोलणं मोठं असतं, तशा खणखणीत आवाजात त्याने सांगितलं, “आवाज उतरलाय तिचा. लग्नाच्या वेळी फार चढा होता. आता बरा आहे.”

हे बावीस घरांनी ऐकलं.

रविवारी दुपारी डोशिया परत आली तोवर वाटेत तीन घरांनी तिला थांबवून ते सांगितलं होतं. घरात आल्यावर तिने टोपी काढली, नवऱ्याच्या कानाशी गेली आणि म्हणाली, “चौदा वर्षं संसार केला तेव्हा ‘बरा’ मिळालं. रेडिओवाले पंधरा मिनिटांत ‘फारच छान’ म्हणाले.”

हार्मन म्हणाला, “ते पहिल्यांदाच ऐकत होते.”

ती आत गेली आणि चुलीवर भांडी जरा जास्तच वाजवत राहिली. मी मागून गेले तर डोळे पुसत होती आणि हसतही होती. मी काही विचारलं नाही. तिच्याकडूनच शिकले होते.

केंद्राला वाटलं होतं, तिच्या त्या बोलण्यावर लोक हसतील आणि विसरतील. दहा दिवसांत पोतंभर पत्रं आली. पेनसिल्व्हेनियाच्या खाणीतून, ओहायोच्या कारखान्यांतून, डोंगर सोडून गेलेल्या आमच्याच लोकांची. गाण्याबद्दल दोन ओळी आणि पुढे पानभर एकच चौकशी, पॉलीआजीला नीट ऐकू आलं का? तिच्यासाठी मध आला, लोकरीचे मोजे आले, तपकिरीचे सतरा डबे आले. पॉलीआजी तपकीर ओढत नव्हती. त्या वर्षी शिकली. हॅम्लिनसाहेबांनी डोशियाला दर शनिवारची वेळ दिली आणि घागऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही. अडीच वर्षं ती जात राहिली. प्रत्येक वेळी सुरुवातीला पॉलीआजीला हाक मारायची, आणि हार्मन शिंगापाशी मान वाकडी करून बसायचा.

तीस साली केंद्राला तिचा कार्यक्रम रोज सकाळी सहाला हवा झाला. त्यासाठी व्हिटमोरला घर करायला हवं होतं. पगारही चांगला देत होते. आर्व्हेलची इच्छा होती, खोटं कशाला बोलू, माझीही होती. डोशियाने रात्रभर विचार केला आणि नाही म्हणाली. शनिवारी पाहुणी म्हणून जायला बरं वाटतं, रोज जाऊन मी तिथलीच होईन, म्हणाली. तिच्या जागी दोन बहिणी आल्या, घोडेस्वारांच्या टोप्या घालणाऱ्या. डोशिया त्यांचा कार्यक्रम चुकवत नसे. गळा गोड आहे, म्हणायची, घोडा कुठून आला तेवढं कळत नाही.

एक्स्चेंज तिने पुढे अकरा वर्षं चालवलं. आज ती बाहत्तर वर्षांची आहे आणि अजून माझ्याशी पत्त्यांत लबाडी करते.

पण त्या पत्रांमधल्या एका बाईबद्दल सांगायचं राहिलं. थर्झा गॅस्किल, कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहातली. तिचा नवरा दिवा सांभाळायचा. ती दर महिन्याला पत्र पाठवायची. शेवटी तिने लिहिलं, तुमचा डोंगर मला दर शनिवारी ऐकू येत होता, आता तुम्ही येऊन माझा समुद्र बघा. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. तीसच्या ऑक्टोबरात सफरचंदं उतरवून झाली आणि बोर्डावर पुन्हा पाद्रीबाबांना बसवून डोशिया, हार्मन, आर्व्हेल आणि मी लोंझोच्या गाडीत बसून निघालो. तीन दिवस लागले.

थर्झा डोशियाहून हातभर बुटकी निघाली. दोघी दारात एकमेकींकडे बघत राहिल्या, मग थर्झा म्हणाली, आवाजावरून तुम्ही जाड वाटला होतात. संध्याकाळी ओसरीवर बँजो-फिडल निघालं. कोळी आपले गमबूट घालूनच नाचले, आणि ओसरीच्या दोन फळ्या गेल्या. हार्मन दिवसभर वाळूत बसून लाटा बघायचा. चौथ्या दिवशी त्याला कसं वाटलं विचारलं तर म्हणाला, छान आहे, पण कुणी शेत करू शकणार नाही.

निघताना थर्झाने ओल्या गोणपाटात गुंडाळून एक पोतं कालवं दिली. घरी पोचलो तेव्हा ती बघायला क्रीकमधलं झाडून सगळं माणूस आलं. उघडायची कशी ते कुणाला माहीत नव्हतं. आर्व्हेलने हातोडी चालवली, लोंझोने मोठा चाकू आणला आणि स्वतःचा अंगठा कापून घेतला. पाद्रीबाबांनी जुन्या करारात शिंपल्यांचं खाणं निषिद्ध असल्याचं सांगितलं आणि वास कसला येतोय ते बघायला जवळ येऊन उभे राहिले. डोशियाने निघाली तेवढी मक्याच्या पिठात घोळवून तळली. एक वाटीभर हार्मन कड्यावर घेऊन गेला. पॉलीआजीने दोन खाल्ली आणि तिसरं तपकिरीच्या डब्यात ठेवून दिलं, उद्यासाठी.

दुसऱ्या दिवशी डोशियाने थर्झाला कार्ड टाकलं. पोचलो, खाल्ली, गावाला आवडली. पुढच्या वेळी कशी उघडायची ते आधी कळवा.